चादरीचा तुकडा

सोलापूर,
९ जानेवारी

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या लेकीचा, ओवीचा, चादरीचा तुकडा काकूंनी लपवला, ती दोन रात्री नीट झोपली नाही, आणि तू विचारतोस, ही सवय मोडावी का? नको रे. पत्र वाचून होताच तो काढ आणि तिच्या हातात दे. मळका असला तरी तसाच.

मी बारशाला दिलेल्या चादरीचा तो कोपरा म्हणून सांगत नाही. डोनाल्ड विनिकॉट हा लंडनचा बालरोगतज्ज्ञ, पुढे मनोविश्लेषक झाला. अशा तुकड्यांवरच त्याने १९५१ साली निबंध वाचला. आई वेगळी आणि मी वेगळा, हे तान्ह्या बाळाला ठाऊकच नसतं. ते हळूहळू उमगू लागतं तेव्हा मधल्या वाटेवर त्याला काहीतरी धरायला लागतं. ती वस्तू आई नसते, पण निव्वळ परकीही नसते. मूल तिला कुरवाळतं, चावतं, फरफटत नेतं आणि तिने ते सगळं सोसायचं असतं. धुतली की वास जातो, आणि मुलाच्या अनुभवात खंड पडतो, हेही त्याने लिहिलंय. काकूंना एवढं नक्की सांग. पुढे ती वस्तू आपोआप मागे पडते. कुणाला हिसकावून घ्यावी लागत नाही.

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड, त्याचा दीड वर्षाचा नातू आई बाहेर गेली तरी रडायचा नाही. दोरा बांधलेलं लाकडी रीळ पडद्याच्या खाटेत फेकायचा आणि लांब 'ओ-ओ' करायचा, म्हणजे जर्मन 'फोर्ट', 'गेलं'. मग दोरा ओढायचा. रीळ दिसलं की आनंदाने 'दा!' म्हणजे 'हे इथे!' आईचं जाणं त्याच्या हातात नव्हतं, रिळाचं होतं. फ्रॉइडने हे १९२० साली लिहिलं. वर्गात हे शिकवताना दरवर्षी माझा आवाज अडकतो. अम्मा वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात गेली की मीही रिकामी कांडी मागाखाली फेकून दोऱ्याने ओढत बसायचो, असं अक्का सांगते.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगतो. साडेतीन वर्षांचा असताना मला बारा दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. आईला भेट फक्त संध्याकाळी, अर्धा तास. आधी मी किंचाळायचो, मग नुसता पडून राहायचो, नंतर शहाण्यासारखा जेवू लागलो. 'रुळला,' असं सगळे म्हणाले. घरी आलो तेव्हा अम्माकडे गेलोच नाही, अक्काच्या मागे लपलो.

जेम्स रॉबर्टसनने नेमक्या याच तीन पायऱ्या टिपल्या आहेत: आक्रोश, खचणं, तुटलेपण. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रॉइडच्या मुलीच्या, अ‍ॅना फ्रॉइडच्या पाळणाघरात बॉयलर सांभाळायचा, पुढे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बीबरोबर काम करू लागला. इस्पितळात आठ दिवस एकट्या राहिलेल्या लहान मुलीचा त्याने केलेला चित्रपट १९५२ साली दाखवला, तेव्हा डॉक्टर चिडले. आईबापांना केव्हाही भेटू द्यावं, अशी शिफारस ब्रिटनमध्ये सरकारी समितीने १९५९ साली केली. शांत झालेलं मूल बरं झालेलं असतंच असं नाही, हे मला त्यातून कळलं. मी कुणापुढे हात पसरत नाही, आजारपणही लपवतो, यावरून तू माझ्याशी किती भांडलास! आता कारण कळेल.

'बाबांच्या धाकात मी असा घुम्या झालो, आता काय बदलणार,' असं तू शेवटी लिहिलंयस. हे मात्र मला पटत नाही. मनोविश्लेषक एरिक एरिक्सनने आयुष्याचे ८ टप्पे मांडले, आणि विश्वास-अविश्वासाचा टप्पा त्यातला फक्त पहिला. पुढच्या प्रत्येक वळणावर मागचा हिशेब पुन्हा उघडतो, असं त्याचं म्हणणं. चाळिशीत मित्राला चार पानी पत्र लिहून बापाबद्दल बोलणारा माणूस घुम्या कसा?

दिवाळीत मी धीर करून अम्माला त्या बारा दिवसांबद्दल विचारलं. ती रोज दुपारी पानं-तंबाखूचं सूप घेऊन दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली बसायची. आत सोडत नव्हते, म्हणून तिथेच विड्या वळायची. मग तिनेच मला विचारलं, "खिडकीतून मी दिसत होते का रे?"

नव्हती दिसत. तसं मी तिला सांगितलं, आणि दोघंही बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो.

सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, नक्की या. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत ओवीला खांद्यावर मी घेईन. तुकडा विसरू नका. वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझाच,
नरसू