सर्व स्थितीत, सर्व गोष्टींबद्दल नव्हे

मडगाव
6 ऑगस्ट

प्रिय आई-बाबा,

जय ख्रिस्त.

बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हा विषय फोनवर घाईत उरकण्यासारखा नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितेय. आई, तुझ्या डोळ्यांना ताण देऊ नकोस, बाबांना वाचून दाखवू दे. एका बैठकीत संपवायलाच हवं असंही नाही.

प्रश्न बाबांचा आहे. गुडघे गेले, ऐकू येईना, उपासनेला जायचं तरी कोणाच्या तरी गाडीची वाट बघायची. अशात देवाची उपकारस्तुती कशाबद्दल करायची? आणि केलीच, तर ते देवाशी खोटं बोलणं नाही का होणार?

बाबा, तुमची शंका रास्त आहे. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, हे वचन फार वेळा ठोकून सांगितलं जातं आणि तितक्याच वेळा चुकीचं सांगितलं जातं. 1 थेस्सलनीकाकरांस 5:18 काढा. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’. तिथे ‘स्थितीत’ हा शब्द आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही. मूळ ग्रीकमध्येही ‘एन पान्ती’ आहे, म्हणजे सगळ्यात, सगळ्याच्या आत राहून. गुडघा दुखतोय याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहिणारा पौल सांगत नाही. दुखत्या गुडघ्यासकट जिथे बसला आहात तिथून देवाकडे तोंड करायला सांगतो. इफिसकरांस 5:20 मध्ये ‘सर्व गोष्टींबद्दल’ असं येतं खरं, आणि कोणीतरी ते तुमच्यापुढे नक्की ठेवील. पण त्याच्या आधीची ओळ मंडळीने एकत्र गाण्याची आहे, दुखण्याला चांगलं म्हणण्याची नाही. शिवाय येशूने मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत दुःखाच्या प्याल्याबद्दल आभार मानले नाहीत, तो टळावा म्हणून विनवणी केली. तो ज्याबद्दल आभार मानू शकला नाही, त्याबद्दल तुम्ही मानावेत असं कोणी म्हटलं तर खुशाल नाही म्हणा.

योहानाचा 11वा अध्याय सावकाश वाचा. 35व्या ओवीत येशू मेलेल्या लाजराच्या कबरेकडे जाताना रडतो. 41व्या ओवीत तो वर बघून म्हणतो, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून तुझे उपकार मानतो. रडणं आणि आभार यांच्यात जेमतेम सहा ओव्या. आणि आभार मानले तेव्हा धोंड नुसती बाजूला सारली होती, लाजर अजून बाहेर आलेला नव्हता. रडणं थांबेपर्यंत आभार थांबवायचे नसतात आणि आभार मानले म्हणून रडणं गिळायचं नसतं. बाबांच्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर हेच आहे. आता ते रोज करायचं कसं ते सांगते, कारण नुसतं पटून काही होत नाही.

सोबत एक 100 पानी, रुंद ओळींची वही पाठवलीय. उघडल्यावर समोर दोन पानं येतात. डावं गाऱ्हाण्याचं, उजवं उपकारांचं. तारीख दोन्हीकडे घाला. आधी डावं पान लिहायचं, नेहमी आधी डावंच. उलट क्रमाने गेलात तर उजव्या पानावर गोड गोड लिहून होतं आणि खरं दुखणं मनात तसंच राहतं. मग चार दिवसांत वही नकोशी होते. उपकारांच्या बहुतेक वह्या याच कारणाने कपाटात जाऊन पडतात.

गाऱ्हाणं कसं मांडायचं हे स्तोत्रांनीच शिकवलंय. स्तोत्र 13 जेमतेम सहा ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर?’ हा प्रश्न हिब्रूत चार वेळा येतो, पुढच्या दोनांत नेमकं मागणं, शेवटच्या दोनांत ‘मी तर तुझ्या दयेवर भिस्त ठेवली आहे’ हे वळण. ही चौकट तशीच घ्या. कुठवर, हे लिहा. काय हवंय ते नाव घेऊन लिहा, ‘बरं वाटू दे’ असं मोघम नको, ‘आज रात्री सलग चार तास झोप दे’ असं. मग उजव्या पानाकडे वळा. वळता आलंच नाही तर ते पान कोरं सोडा. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, त्याला वळण नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कोरं पान म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही. आई, तू तसं मनाला लावून घेशील म्हणून मुद्दाम लिहितेय.

उजव्या पानावर तीनच ओळी. पाच नकोत, दहा तर मुळीच नकोत. आकडा वाढला की यादी भरायला म्हणून लिहिलं जातं. ‘आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल, सगळ्याबद्दल आभार’ ही ओळ लिहू नका. ती रोज तीच असते आणि आठवड्याभरात तिचा अर्थ झिजून जातो. प्रत्येक ओळीत वेळ असावी, वस्तू असावी आणि जमलं तर माणूस असावं. ‘सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला होता, 20 मिनिटांनी इतका सुटला की धरून धरून बलकांवापर्यंत (पुढच्या ओसरीपर्यंत) गेलो.’ ‘दुपारी पाऊस थांबला तेवढ्यात शेजारणीने दोरीवरचे कपडे आत घेतले.’ अशी ओळ दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिता येत नाही, नवीन शोधावी लागते, आणि शोधायच्या निमित्ताने दिवस नीट बघितला जातो. आईने सांगावं, बाबांनी लिहावं, म्हणजे डोळ्यांचंही भागेल.

वेळ संध्याकाळची ठेवा. कॅथलिक चर्चची आंजेलसची, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची, घंटा वाजली की दिवा लावून बलकांवातल्या सोप्यावर बसायचं. घंटा आपल्या मंडळीची नाही, पण वेळ आठवून द्यायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटं. रात्री अंथरुणावर पडल्यावर करू नका. एक तर झोप येते आणि दुसरं, काळज्या सगळ्या त्याच वेळी अंगावर येतात.

दिवसाकडे मागे वळून बघायची इग्नेशियस लोयोला यांची एक जुनी पद्धत आहे. ते येशूसंघाचे संस्थापक, म्हणजे फ्रान्सिस झेवियर ज्या संघाचे तो. आपण कॅथलिक नसलो तरी ही पद्धत उसनी घ्यायला काहीच हरकत नाही. तिच्यात पाच पायऱ्या आहेत: मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार, आपली पापं दिसावीत म्हणून कृपेची मागणी, तासातासाने दिवस तपासणं, क्षमा मागणं, आणि उद्यासाठी निश्चय. पापांच्या आधी उपकार आहेत हे बघा. आपल्याकडे बहुतेकांची प्रार्थना चुकांपासून सुरू होते आणि तिथेच अडकते. इग्नेशियसने मार्च 1542 मधल्या एका पत्रात कृतघ्नतेला सगळ्या पापांचा उगम म्हटलंय. त्याच वर्षी मे महिन्यात झेवियर गोव्याला उतरले. तुम्ही आधी पहिली आणि तिसरी पायरीच धरा. तासातासाने म्हणजे सकाळचा चहा, औषधाची डबी, अंघोळ, जेवण, दुपारची झोप, असं एकेक थांबत मागे जायचं.

आता चुका, कारण चांगली माणसं इथेच घसरतात.

सगळ्यात मोठी चूक तुलनेची. ‘अमक्याला तर चालताही येत नाही, त्यापेक्षा आपलं बरं, देवाचे आभार.’ ऐकायला नम्र वाटतं, पण हे कोणाच्या तोंडचं आहे ते लूक 18:11 मध्ये बघा. ‘मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो’, असं परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा, म्हणतो. शब्दांनी ती उपकारस्तुतीच आहे आणि येशूने तीच नाकारली. दुसऱ्याच्या दुखण्यावर उभं राहून मानलेले आभार देवाकडे पोचत नाहीत. आणि उद्या आपलं दुखणं त्याच्यापेक्षा वाढलं की मग काय म्हणायचं?

दुसरी चूक, ‘सगळं छान आहे, प्रभूची कृपा’ असं डॉक्टरला सांगणं. आई, हे तुझ्यासाठी. दुखणं लपवणं म्हणजे उपकारस्तुती नव्हे. डॉक्टरपुढे डावं पान उघडायचं: कुठे दुखतं, केव्हापासून, जिना चढताना की उतरताना, रात्री किती वेळा जाग येते. आणि सलग दोन आठवडे झोप, भूक, उमेद, कशातच मन लागेना असं झालं तर ती प्रार्थनेतली कमतरता समजू नका. मला सांगा, डॉक्टरकडे जाऊ. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

आणि एक, ज्याच्या घरी नुकतंच मरण झालंय त्याला ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं कधीच सांगायचं नाही. ते वचन ज्याने त्याने स्वतःला लावायचं असतं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प जमिनीवर बसून राहिले तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं, तोंड उघडल्यावर चुकलं.

काल इथे जवळच राय गावच्या चर्चचं कोणसाचं फेस्त, म्हणजे नव्या कणसांचा सण, झाला. भाताची पहिली कणसं कापायची, पाद्रीने त्यांना आशीर्वाद द्यायचा आणि लोकांनी ती घरी नेऊन वेदीपाशी ठेवायची. ताळगावचं 21 तारखेला असतं. गोव्यात मुख्य कापणी सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरात होते. ऑगस्टच्या सुरुवातीला बहुतेक शेतं हिरवीगार, लोंबी धरायच्या आधीची, आणि पुढचे दोन महिने पाऊस कधीही भात आडवं करू शकतो. म्हणजे हे आभार कोठार भरल्यावरचे नाहीत. पिकाचं काय होणार ते ठाऊक नसताना, हातात मूठभर कणसं आली एवढ्यावरच मानलेले आहेत. आपला हंगामाचा सण कापणी घरात आल्यावर होतो. मला शेजाऱ्यांची वेळ वचनाच्या जास्त जवळची वाटते.

शेजाऱ्यांचाच आणखी एक शब्द घ्या, रोज वापरातला. कोकणीत ‘देव बरें करूं’ म्हणतात. आपण म्हणतो ‘मी तुमचा आभारी आहे’, त्यात सगळं ‘मी’शी येऊन थांबतं. त्यांच्या शब्दांत मीही नाही आणि आभारही नाही, समोरच्यासाठी देवाकडे मागणं आहे. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो, तो पावसात प्लास्टिकखाली झाकून पोळी आणि उंडे हे पाव आणतो. पैसे देताना त्याला हे म्हणा, आणि मनातल्या मनात खरंच मागा. हीही उपकारस्तुतीच.

लेवीय 7 मध्ये उपकारस्तुतीच्या अर्पणाचा एक नियम आहे, तो मला फार आवडतो. मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही, आणि सोबत बेखमीर पोळ्या, तेल लावलेल्या चपात्या, खमिराच्या भाकरी. एवढं एका घराला एका दिवसात संपणारच नाही, माणसं बोलवावीच लागणार. तेव्हा उजव्या पानावर ज्या माणसाचं नाव आलं, त्याला त्याच दिवशी कळवा. फोन नको असेल तर वाटीभर काहीतरी पाठवा. उद्यावर टाकलं की ते राहतंच.

बाबा, शेवटचं तुमच्यासाठी. तुम्हाला खरी अडचण दुखण्याची नाही, घेण्याची आहे, असं मला वाटतं. मराठीत उपकाराचं ओझं होतं आणि उपकार फेडायचे असतात, आणि तुम्ही आयुष्यभर ते फेडत आलात. आता दुसऱ्याच्या गाडीत बसायचं, दुसऱ्याच्या हाताने बूट घालून घ्यायचे, आणि फेड करायला हातात काही नाही. स्तोत्र 116:12 मध्ये नेमका तुमचाच प्रश्न आहे: परमेश्वराने केलेल्या सर्व उपकारांची फेड मी कशी करू? पुढच्या ओवीतलं उत्तर बघा: मी तारणाचा प्याला घेईन. फेड म्हणून तो आणखी घेतो. हात पुढे करतो, त्यात प्याला येतो, आणि तीच त्याची उपकारस्तुती.

तेव्हा या रविवारी शेजारचा मुलगा गाडी घेऊन येईल तेव्हा त्याला पेट्रोलचे पैसे देऊ नका. तो घेत नाही आणि तुम्ही दोघंही अवघडता. ‘देव बरें करूं’ म्हणा आणि बसा. संध्याकाळी उजव्या पानावर लिहा, किती वाजता आला, दार कोणी उघडलं, पाय आत घेताना कोणी धरला.

मी पुढच्या आठवड्यात येतेय. वही दाखवायची नाही, ती तुमची. पेन जाड टोकाचं घातलंय, शाई दमट हवेत पसरते म्हणून झाकण लावून ठेवा.

तुमची
धाकटी