करंजाळ्याच्या होडीवाल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

नाव घालू नको म्हणालात, म्हणून घालत नाही. सकाळच्या चहाबरोबर तुम्ही मराठी पेपर शेवटच्या पानापासून उलटा वाचत येता हे मी पाहिलंय, तेव्हा हे पत्रही कुठूनतरी तुमच्यापर्यंत पोचेल. नाहीच पोचलं तर भाचा मोबाइलवर वाचून दाखवील.

काल समुद्रात 1.9 किलोमीटर पोहून झाले. 58 मिनिटं लागली. शर्यतीत त्याला 1 तास 10 मिनिटांची मुदत असते, म्हणजे आत बसले. तुम्हाला आकड्यांचं कौतुक नाही. तुम्ही नुसतं "जालें?" म्हणालात आणि पेजेचा डबा उघडायला घेतलात. कडी काही उघडेना. मला वाटलं गंजली असेल. मग तुमची बोटं दिसली. पांढरीफटक, टोकांना सुरकुतलेली, धुणं धुऊन उठलेल्या बाईची असतात तशी. तासभर पाण्यात राहून ती बधिर झाली होती. शेवटी कडी भाच्यानं उघडली. मी रडले ते दमल्यामुळे, असं तुम्ही समजलात. समजा.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. मी फोंडा तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते, वय 43. माझी ताई स्तनाच्या कर्करोगानं गेली. तिच्या नावानं परळच्या टाटा रुग्णालयातल्या संशोधनासाठी पैसे जमवायचे आणि त्यासाठी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरची अर्धी आयर्नमॅन शर्यत करायची, असं मी एका रात्री ठरवून बसले. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, लगेच 90 किलोमीटर सायकल, त्यावर 21.1 किलोमीटर धावायचं. सगळं साडेआठ तासांत. सायकलीबद्दल आणि धावण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ढोपरं दुखतात, बस्स. माझं घोडं अडलं होतं ते पाण्यात. पोहायला मी आजोळच्या तळीत शिकले. तिथं चार हात मारले की पायरी लागते.

आधी एका सरांकडे गेले. तीन महिन्यांची फी आगाऊ घेतली त्यांनी. तलावात ठीक चाललं होतं, पण समुद्राचं नाव काढलं की म्हणायचे, "मॅडम, ते सगळं मनात असतं, मन कंट्रोल करा." एक दिवस म्हणाले, या वयात चालायला जा, तेही चांगलं असतं. फी परत मागितली नाही, ही माझी चूक.

दुसरे एक सद्गृहस्थ. भर कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन माईकवरून म्हणाले, ताई, किलोमीटरमागे हजार रुपये आमच्याकडून! टाळ्या झाल्या, फोटो झाला. 113 किलोमीटरचे 1 लाख 13 हजार होतात, हा हिशोब बहुधा त्यांनी घरी जाऊन केला. त्यानंतर त्यांचा फोन कायम गाडी चालवतानाच लागतो. नारळाच्या मात्र आम्ही वड्या केल्या.

तुमच्याकडे मी आले नव्हतेच, काका. घोट्याएवढ्या पाण्यात गॉगल लावून उभी राहायची आणि परत जायची, असे माझे तीन रविवार पुळणीवर जाळं झाडता झाडता तुम्ही पाहिलेत. मग तुम्हीच विचारलंत, काही हरवलंय का. नारळी पुनव होऊन गेली होती, तरी आणखी काही दिवस थांबायला लावलंत. अवस-पुनवेला पाणी ओढतं, सुरुवातीला तरी घरी राहा. अष्टमीच्या सुमारास भांगाचं, म्हणजे कमी ओढीचं पाणी असतं, तेव्हा ये. फोनमध्ये काय बघतेस, कालनिर्णय बघ. सरांनी तीन महिन्यांत जे सांगितलं नाही ते तुम्ही जाळं झाडता झाडता सांगितलंत.

पहिल्या दिवशी तुमच्या होडीच्या अंगानं निघाले. पावसाळा नुकता सरलेला, मांडवीचं पाणी अजून तांबूस-गढूळ. डोकं खाली घातलं की माझाच हात मला दिसेना. दोनशे मीटरवर श्वास अडकला. सरांचं वाक्य आठवलं, तसा तो आणखी अडकला. आता हा माणूस ओरडणार, किंवा दंडाला धरून वर ओढणार, आणि संपलं, असं मला वाटलं.

तुम्ही वल्हं आत घेतलंत. होडीचा तोल सांभाळणारी उलांडी पलीकडच्या बाजूला होती, माझ्याकडचा काठ मोकळा. त्यावरून वाकून उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात सोडलात आणि तसाच ठेवलात. म्हणालात एवढंच, "सवकास, बाय." हात पुढे केला नाही, धर म्हणाला नाहीत. मी डावीकडे श्वास घेते. मान वळवली की हात. दोरीनं कापल्याचा अंगठ्यापाशी पांढरा वण, मनगटाला काळा गंडा. पुन्हा तोंड पाण्यात, पुन्हा मान, पुन्हा हात. त्या दिवशी चारशे मीटर झाले. एकदाही मी तो धरला नाही.

पुढच्या रविवारी होडीत भाचा. मला वाटलं, पोराला पणजी बघायची असेल. काल तुम्ही जरा बाजूला गेलात तेव्हा तोच बोलला. मामानं मुद्दाम बोलावलं म्हणाला, वल्हं तू मार, माझ्या हाताला दुसरं काम आहे. सहा रविवार! एकानं वल्हवायचं आणि एकानं हात भिजत ठेवायचा, म्हणजे एका मास्तरणीला धीर यावा. रविवारची मासळी तेवढी कमी आली असेल, त्याचा हिशोब तुम्ही मला लागू दिला नाहीत.

तुम्ही एकदा विचारलं होतंत, संशोधनाला कशाला पैसे, एखाद्या आजाऱ्याला दे की. हे मला बऱ्याच जणांनी ऐकवलं, पण उत्तर ऐकायला थांबलात तुम्हीच. मी लिडोकेनचं सांगितलं. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन करताना, गाठ काढायच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती हे भूल देणारं औषध टोचलं तर काय होतं, ते टाटाच्या डॉक्टरांनी देशातल्या 11 केंद्रांत सुमारे 1,600 बायकांवर तपासलं. 2023 साली निष्कर्ष छापून आले. सहा वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण शंभरात 86 वरून 90 वर गेलं. "दात काढताना देतात तें?" तुम्ही विचारलंत. तेच. खर्च शंभर रुपयांच्या आत. तुम्ही बराच वेळ आग्वाद किल्ल्याच्या दिशेला बघत राहिलात, मग म्हणालात, एवढं स्वस्त, मग कंपनी कशाला शोधील? काका, हे एक वाक्य मला भाषणात नीट मांडता येत नव्हतं. जाताना तुम्ही कनवटीची ओलसर शंभराची नोट दिलीत, एका बाईचं इंजेक्शन म्हणून. पैसे इंजेक्शनाला जात नाहीत, पुढच्या शोधाला जातात, हे मी तेव्हा दुरुस्त केलं नाही. ती नोट वहीत वाळवली आणि मगच भरली.

आमच्या शाळेत माणुसकीवर निबंध येतो. मुलं पूरग्रस्त लिहितात, आंधळ्याला रस्ता ओलांडून देणारा लिहितात. बरोबर आहे, पण रस्ता ओलांडून देणारा हाताला धरतो, आणि धरलेल्याला पुढचा रस्ता पुन्हा तसाच असतो. हात देऊन तो धरायला न लावणं मला तरी जमलं नसतं. वर्गात पोरगं फळ्याशी अडलं की मी तीन सेकंदांत खडू हिसकावून घेते. आता सहा रविवार आठवून दहापर्यंत मोजते. सातावर बहुतेकांना येतं.

शर्यतीच्या दिवशी तुमची होडी आत सोडणार नाहीत. त्यांचे कयाकवाले असतात. दमलं तर कयाक धरून थांबता येतं, फक्त तिच्या जोरावर पुढे सरकायचं नाही. नियम वाचताना मला हसू आलं. पण डावीकडे मान वळवली की तिथं दुसऱ्या कुणाचा तरी पाय असणार, त्याची सवय नको का? तेव्हा येत्या रविवारी तुम्ही दोन्ही हात होडीत ठेवायचे. मी भ्यायले तरी पाण्यात घालायचे नाहीत. सव्वासहाला येते. डबा माझ्याकडे राहिलाय, तो घेऊन येते, आणि यावेळी पेज आमच्या घरची. मिठातल्या कैऱ्या, आपली तोरं, तुमची आणा, आमची तेवढी खारट होत नाहीत.

तुमची,
मास्तरीण बाय