ती गडगडत गेली तेव्हा

कोथरूड, रविवार रात्र

प्रिय अव्या,

काल जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' हा काउबॉयपट पुन्हा पाहिला. शाळेत असताना आपण कँपात मॅटिनीला पाहिला होता, तोच. त्यातली 'लुक' आठवते तुला? नायकाबरोबर फिरणाऱ्या तरुण मार्टिनला वाटतं, आपण घोंगडीचा सौदा केला, आणि गळ्यात पडते कोमांची या मूळ अमेरिकन जमातीतली बायको. तो काही सांगताना 'लुक' म्हणतो, तिला वाटतं हेच आपलं नाव. रात्री ती त्याच्या शेजारी येऊन आडवी होते आणि तो लाथ मारून तिला उतारावरून ढकलतो. ती गडगडत जाते. सगळं थिएटर हसलं होतं. आपणही पोट धरून हसलो होतो.

काल ते बघवेना. पुढचं मी साफ विसरलो होतो रे. घोडदळाने वस्ती जाळलेली असते, आणि तिथे एका तंबूत ती मेलेली सापडते. मार्टिन विचारतो, हिला कशाला मारलं, हिने कुणाचं काय वाकडं केलं होतं? मी तिथेच सिनेमा थांबवला. आधी हसायला म्हणून, मग हळहळायला म्हणून; नुसती बाई म्हणून तिला एक प्रसंग मिळत नाही.

हा साचा जुना आहे. जॉन फोर्डच्याच 1939च्या 'स्टेजकोच'मध्ये गाडीतल्या एकेकाची आपली ओळख होते: दारुडा डॉक्टर, गावाने हाकललेली डॅलस, बँकेचा पैसा घेऊन पळालेला तो शेठ. हल्ला करणाऱ्या अपाची जमातीच्या लोकांच्या तोंडी मात्र एक वाक्य नाही. कॅमेरा गाडीवाल्यांचा, म्हणून भीतीही त्यांचीच आपल्याला लागते. आणि ते अपाची होते कोण? शूटिंग झालं ती मॉन्युमेंट व्हॅली ही दरी नावाहो या वेगळ्याच जमातीची, घोड्यांवर बसवले ते नावाहो. 'सर्चर्स'मध्ये त्याच दरीला टेक्सास म्हटलं आणि नावाहोंना कोमांची. त्यांचा म्होरक्या स्कार मात्र निळ्या डोळ्यांचा, जर्मनीत जन्मलेला हेन्री ब्रँडन. गर्दीला नावाहो चालतात. संवाद आले की गोरा माणूस लागतो. काउबॉयचंही तेच. इतिहासकारांच्या अंदाजाने दर चारांतला एक काळा होता, कितीतरी मेक्सिकन होते. 'लॅसो', 'रोडिओ' हे शब्दच मुळी स्पॅनिश. पडद्यावर ते कितीसे दिसले आपल्याला?

तरी हा सिनेमा मला टाकवत नाही. जॉन वेनचा ईथन मेलेल्या कोमांचीच्या डोळ्यांवर गोळ्या झाडतो, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे डोळे नसले की आत्म्याला गती नाही. म्हणजे त्यांचा धर्म याला पुरता ठाऊक आहे, आणि एवढं जाणूनही हा त्यांचा द्वेष करतो! 1956 साली नायकाला असं दाखवायला छाती लागते. शेवटी सगळे घरात जातात, तो एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर धरून उंबऱ्याबाहेर उभा राहतो, वळून चालू लागतो आणि दार लागतं. ईथनचा एकटेपणा फोर्डला इतका नेमका कळला होता. मग लुकचा का कळू नये, हे मला काही केल्या सुटत नाही.

अव्या, रात्री झोप आली नाही ती वाड्यातल्या आपल्या खेळामुळे. 'रेड इंडियन' नेहमी तूच व्हायचास. तू सावळा म्हणून. आम्ही ते तुझ्या तोंडावर म्हणायचो. कावळ्याचं पीस ताईच्या रिबिनीत खोचून तू जिन्याखालून ओरडत यायचास, मी टिकल्यांचं पिस्तूल झाडायचो आणि तू हौदापाशी मरून पडायचास. एकदा तू म्हणालास, "आज मी शेरीफ होतो." मी म्हणालो, "सिनेमात तसं नसतं." तू काही बोलला नाहीस, पीस उचलून पुन्हा जिन्याखाली गेलास.

इतक्या वर्षांत मी हे कधी तुझ्याकडे काढलं नाही. माझं चुकलं रे. दिवाळीला येशील तेव्हा दोघं मिळून तो सिनेमा पाहू. जिन्याखाली बसून तुला काय वाटायचं, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझा,
शिऱ्या