दहावीची सवलत उशिराची. मदत दुसरी-तिसरीत हवी

संपादक महोदय,

दहावीचे अर्ज भरायचे दिवस जवळ आले की अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीच्या) प्रमाणपत्रासाठी पालकांची धावपळ सुरू होते. मूल पंधरा वर्षांचे झालेले असते, नऊ इयत्ता पार करून आलेले असते, आणि त्याला धड वाचता का येत नाही हा प्रश्न बोर्डाच्या तोंडावर पहिल्यांदा विचारला जातो. प्रमाणपत्र मिळते, जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. वाचायला मात्र त्याला कुणी शिकवलेलेच नसते. काही शाळा तर निकालाचा आकडा सांभाळण्यासाठी अशा मुलाला नववीतच १७ नंबरचा, म्हणजे शाळेबाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरायला सांगतात. हे थांबायला हवे, आणि ते थांबवण्याची जागा दहावी नाही, दुसरी-तिसरी आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा त्यात समावेश केला. याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते बदल करणे हे शाळेचे कर्तव्य आहे. प्रमाणपत्र मूल साधारण ८ वर्षांचे झाल्यावर मिळते. मदतीसाठी मात्र प्रमाणपत्राची वाट पाहायची नसते. हा फरक अनेक शाळांना माहीत नाही आणि त्यात मुलांची सर्वांत मोलाची दोन-तीन वर्षे वाया जातात.

ओळखायचे कसे? दुसरीच्या दिवाळीनंतर वर्गशिक्षकाने शंका असलेल्या मुलाला वीस मिनिटे द्यावीत. आधी न वाचलेला सोपा उतारा एक मिनिट मोठ्याने वाचून घ्यावा. दहा शब्दांचे श्रुतलेखन आणि फळ्यावरच्या तीन ओळी उतरवणे एवढे लिखाण पुरे. मग तोंडी खेळ: ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरते? शेवटी धड्यावरचे प्रश्न तोंडी विचारावेत. ऐकलेल्या धड्याची उत्तरे नीट येतात, पण तोच धडा वाचता येत नाही, ‘पाट’ सांगता येत नाही, भ-म, घ-ध, ब-व यांत गल्लत होते, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते, ‘पुस्तक’चे ‘पुसतक’ होते, तर नोंद ठेवावी. अशा चुका शिकताना सगळीच मुले करतात, म्हणून एका दिवसाच्या तपासणीवर शिक्का मारू नये. तीन महिने नीट शिकवून पुन्हा पाहावे. बाकीच्यांच्या चुका गळून पडतात, या मुलांच्या राहतात.

त्याआधी डोळे आणि कान तपासून घेणे अत्यावश्यक आहे. घरची बोलीही लक्षात घ्यावी. अहिराणी, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातले मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते ही अक्षमता नाही. अशा चुका मोजायच्याच नाहीत. दिव्यांगत्वाची लक्षणे शाळेतच टिपण्यासाठी केलेल्या एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ ॲपमधल्या यादीचा पहिला भाग वर्गशिक्षकाने आणि पुढचा विशेष शिक्षक वा मुख्याध्यापकाने भरायचा असतो. यादी भरण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्यातल्या प्रत्येक नावासमोर उद्यापासून काय शिकवायचे हे लिहिले जाईल.

बाजारात मिळणारे बरेच साहित्य इंग्रजी वाचन डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. मराठीतल्या अडचणी वेगळ्या आहेत. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बऱ्यापैकी सरळ असल्यामुळे पहिलीत मूल कसेबसे निभावून नेते. खरी कसोटी लागते ती स्वरचिन्हांशी. काना उजवीकडे, पहिली वेलांटी डावीकडे, मात्रा वर, उकार खाली. ‘कि’मध्ये कानाला ‘क’ आधी ऐकू येतो, डोळ्याला वेलांटी आधी दिसते. ‘सूर्य’मध्ये र आधी उच्चारतो आणि रफार बसतो य वर. एकटा र ‘सूर्य’, ‘क्रम’, ‘ट्रक’, ‘दऱ्या’ अशी चार रूपे घेतो. ज्या मुलाला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणेच जड जाते, त्याला हे सगळे एकदम वाढून चालत नाही.

म्हणून बाराखडी ओळीने पाठ करून घेण्याचा उपयोग होत नाही. मूल ती गाण्यासारखी म्हणते. मधलेच अक्षर विचारले की अडते. सुरुवात दिसायला वेगळ्या असलेल्या पाच अक्षरांनी करावी: क, म, ल, र, स. एवढ्यावर ‘कमल’, ‘सर’, ‘रस’, ‘मलम’ तयार होतात. काना आला की ‘काका’, ‘मामा’, ‘मसाला’, ‘कासार’. पुढची अक्षरे दोन-दोन करून घ्यावीत आणि घ-ध, भ-म, ब-व या जोड्यांतले दुसरे अक्षर पहिले पक्के झाल्यावरच, किमान दोन आठवडे मध्ये सोडून. दोन्ही वेलांट्या एकाच दिवशी शिकवू नयेत. जोडाक्षर आधी पाय मोडून दाखवावे, ‘पुस्‌ - तक’, मग जोडावे. रफारासाठी ‘सूर्‌ - य’ असे दोन तुकडे मोठ्याने म्हणवून घ्यावेत. क्ष आणि ज्ञ फोड न करता अखंड चिन्हे म्हणून द्यावीत.

रोजचा तास ३५ मिनिटांचा पुरतो: ५ मिनिटे जुन्या अक्षरांचे पत्ते, ५ मिनिटे वहीशिवाय आवाजांचे खेळ, १० मिनिटे नवा भाग, १० मिनिटे वाचन आणि शेवटची ५ मिनिटे त्याच शब्दांचे श्रुतलेखन. नवा भाग म्हणजे हाताने गिरवणे, तोंडाने म्हणणे आणि कानाने ऐकणे हे एकाच वेळी. गट एक ते तीन मुलांचा, तोही सारख्या पातळीचा. रविवारी सलग तीन तास घेण्यापेक्षा रोजचा अर्धा तास कितीतरी अधिक काम करतो, कारण या मुलांना विसर लवकर पडतो आणि मध्ये चार दिवस गेले की पुन्हा मागे यावे लागते. वाचायला दिलेल्या मजकुरात न शिकवलेले अक्षर असू नये, नाहीतर मूल चित्र आणि पहिले अक्षर पाहून अंदाज बांधते. तसा मजकूर शिक्षकालाच लिहावा लागतो. कष्टाचे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

दर शनिवारी एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द मोजून चौकटीच्या कागदावर टिंब द्यावे. चार आठवडे रेघ चढली नाही, तर मुलाकडे बोट न दाखवता शिकवणे तपासावे. बहुधा नवी अक्षरे घाईने आलेली असतात, किंवा मुलाने उतारा पाठ केलेला असतो. पाठांतर ओळखायची सोपी खूण: शेवटच्या शब्दापासून उलटे वाचायला सांगा.

घरी आणि शाळेत हमखास होणारी एक चूक म्हणजे चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावणे. मूल काय करते ते एकदा नीट पाहावे. वहीत आधी खालपर्यंत वीस वेळा पहिले अक्षर लिहिते, मग शेजारी दुसरे. पूर्ण शब्द त्याच्या डोक्यात एकदाही तयार होत नाही. हात दुखतो, वेळ जातो आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक. त्याऐवजी शब्द पाहणे, तोडून म्हणणे, झाकणे, लिहिणे, उघडून तपासणे. आज तीनदा, उद्या एकदा, आठवड्याने पुन्हा एकदा.

गणितातही मराठीचे स्वतःचे पेच आहेत. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी, लिहिताना पाच आधी. म्हणून ५३ चे ३५ होते. ‘एकोणसाठ’ ऐकताना साठ कानावर पडतो आणि लिहायचे असतात ५९. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची जोड दिली तेव्हा मोठा वाद झाला. संख्यांची नावे जपावीत याबद्दल दुमत नाही, पण अंकगणिती अक्षमता असलेल्या मुलासाठी ही दुहेरी वाट फार उपयोगी आहे आणि तिला नावे ठेवू नयेत. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवून दोन्ही नावे म्हणवून घ्यावीत. उभ्या मांडणीसाठी चौकटीची वही द्यावी, एका चौकटीत एक अंक. हातचा चुकतो तो बऱ्याचदा रकाना सरकल्यामुळे. पाढे पाठ होत नसतील तर पाढ्यांचा तक्ता शेजारी ठेवू द्यावा आणि शाब्दिक उदाहरण वाचून दाखवावे, म्हणजे निदान गणिताच्या पेपरात गणितच तपासले जाईल.

बाकी वर्गात फारसा खर्च नाही. फळ्यावरून उतरवताना हे मूल प्रत्येक अक्षरासाठी मान वर करते, म्हणून वही अपुरी राहते. त्याला टिपणांची छायाप्रत द्यावी. विज्ञानाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. वर्गासमोर वाचायला लावायचे असेल तर कोणता परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगावे. आणि कळकळीची विनंती: जादा तासासाठी खेळाचा किंवा चित्रकलेचा तास काढून घेऊ नका. अनेकदा आपल्यालाही काही येते असे या मुलांना वाटणारा तेवढा एकच तास असतो.

आता सवलतींबद्दल. तपासणीला जाताना जुन्या वह्यांच्या प्रती, प्रगतिपुस्तके, शाळेचे निरीक्षणपत्र आणि डोळे-कानांचे अहवाल न्यावेत. यांतले एखादे नसले की खेप वाया जाते. खासगी चाचणीतून मुलाची अडचण समजते, पण सवलतीसाठी प्राधिकृत रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली होती. तिसरीत प्रमाणपत्र घेतलेल्या पालकांच्या हे ध्यानात राहत नाही आणि ऐन नववी-दहावीत अडचण होते.

जादा वेळ तासाला २० मिनिटे, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास आणि गणिताच्या २ तासांच्या पेपरला ४० मिनिटे. चार तास बसण्याची आणि तो वेळ वापरण्याची सवय नसेल तर जादा वेळेत मूल नुसते बसून राहते. लेखनिकाचेही तसेच. सांगून लिहून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे: पूर्ण वाक्य मनात जुळवायचे, विरामचिन्हासह सांगायचे, लिहिलेले वाचून घ्यायचे, आकृती शब्दांत सांगायची. आठवीच्या घटक चाचण्यांपासून सराव हवा. खालच्या पातळीचे गणित किंवा भाषेतून सूट घेण्याआधी पुढे कोणत्या शाखेला गणित लागते हे आठवीतच पाहावे. ती सूट पुढे एखादा दरवाजा बंद करू शकते, आणि हे पालकांना आधी सांगितले गेले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दर १० आणि पुढे दर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. ते प्रत्यक्षात येईपर्यंत शिक्षण विभागाला दोन गोष्टी सहज करता येतील. केंद्रस्तरीय (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत एक पूर्ण सत्र दुसरी-तिसरीच्या शिक्षकांसाठी ठेवावे आणि त्यात भाषण न देता वरीलप्रमाणे एक ३५ मिनिटांचा तास प्रत्यक्ष घेऊन दाखवावा. दुसरे, उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस बालरोगतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकत्र बसवावेत. आज वेगवेगळ्या चाचण्यांसाठी वेगवेगळ्या तारखा मिळतात आणि तालुक्याच्या गावातल्या रोजंदारीवरच्या आईबापांना दर खेपेला मजुरी बुडवून शहर गाठावे लागते. कागदपत्रे शाळेने आठवडाभर आधी पाठवली, तर बहुतेक मुलांची तपासणी एक-दोन खेपांत पुरी होईल.

आपले,
अध्ययन अक्षम मुलांना शिकवणारे काही विशेष शिक्षक, नाशिक