आधी टी-टाइम, मग तिकीट

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, खोकलाही गेला. एवढं आईला आधी वाचून दाखव, बाकीचं तुझ्यासाठी.

तुम्ही चौघं मित्र आणि सोबत वहिनी, असे चार दिवस इकडे गोल्फ खेळायला यायचं म्हणता, तर तिकिटं काढायची घाई करू नकोस. आधी रिसॉर्टला विचार, त्या आठवड्यात ग्रीन्सचं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचं, एअरेशन आहे का. मुळांना हवा मिळावी म्हणून वर्षातून एकदोनदा पोकळ सळ्यांनी ग्रीनला भोकं पाडून मातीच्या गुळ्या काढतात आणि वर वाळू पसरतात. गवताच्या भल्याचंच आहे ते, पण पुढचे दहा-बारा दिवस पट केलेला, म्हणजे ग्रीनवर होलकडे हलकेच ढकललेला, चेंडू उड्या मारत जातो. आपण होऊन हे सहसा कुणी सांगत नाही. ते निस्तरलं की टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, लेखी घे, मग खोल्या, तिकिटं सगळ्यात शेवटी.

पोचायच्या दिवशी राउंड ठेवू नकोस. क्लबची, म्हणजे खेळायच्या काठ्यांची, बॅग मागच्या विमानाने आली तर पहिला दिवस भाड्याच्या क्लबवर जातो. चौघांना 18 होलच्या एका राउंडला साडेचार तास धर. दुपारनंतरचा ट्वायलाइट दर स्वस्त खरा, पण अंधार पडला की उरलेले होल बुडाले.

पॅकेजमध्ये खोली, ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे) आणि नाश्ता बहुधा असतो. कोर्सवर फिरायची कार्ट, सरावाच्या रेंजचे चेंडू, बॅग वाहणारा कॅडी यांचं एकेक करून विचार. खोली आणि टी-टाइम रद्द करायच्या मुदती वेगळ्या असतात, त्या दोन्ही लिहून ठेव. काही कोर्सवर हँडिकॅपचा, म्हणजे खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला मागतात, तो जवळ असू दे.

बॅगेत 14 च्या वर क्लब नकोत, नियमच आहे. विमानात मोडतं ते ड्रायव्हर या क्लबचं डोकं, कारण तोच क्लब सगळ्यात लांब. निघत असेल तर ते काढून मोज्यात गुंडाळ, नाहीतर ड्रायव्हरहून लांब अशी आधाराची दांडी बॅगेत उभी ठेव. अंतर मोजायच्या रेंजफाइंडरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात घे. क्लब मात्र तिथे चालत नाहीत.

आता इथली एक गोष्ट, जी मला आधी कळेचना. ग्रीनवर आलं की जो तो आधी गुडघा टेकतो. उंचावरून पडलेल्या चेंडूने खळगा केलेला असतो, तो बुजवायला. छोटा फोर्क खळग्याच्या कडेबाहेर तिरका खोचायचा आणि कड मध्याकडे ढकलायची, चारी बाजूंनी. खालून उचकटायचं अजिबात नाही. तळची माती वर आली की मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी डाग राहतो. मग पटरच्या, म्हणजे पट करायच्या क्लबच्या, तळाने हलकं थोपटायचं. एक आपला खळगा आणि एक कुणा दुसऱ्याचा, अशी रीत आहे. चौघांनाही सांग, फोर्क प्रत्येकाच्या खिशात हवा. खेळ कच्चा असला तर कुणी काही म्हणत नाही, पण खळगा तसाच टाकून गेलेला चालत नाही.

वहिनींना वाऱ्यावर सोडू नकोस. स्पा आणि नवशिक्यांचा तास तुमच्या टी-टाइमबरोबरच ठरव, नंतर वेळा उरत नाहीत.

"खेळायला एवढा खर्च?" असं आई म्हणाली, ते कळलं. खोल्यांची अनामत मी इथून भरतो आहे. त्यासाठी घराच्या हप्त्याला हात लावलेला नाही, तो एक तारखेला येईलच. ताईच्या लग्नाला आठच दिवसांची रजा मिळाली, हळदीच्या आदल्या रात्री पोचेन. साखरपुड्यालाही नव्हतो. ती काही बोलली नाही, म्हणूनच जास्त लागतं. हॉलचे उरलेले पैसे याच आठवड्यात पाठवतो, तू उसने घेऊ नकोस. आईनं पाठवलेला मुलीचा फोटो पाहिला, आल्यावर बोलू, तोवर तिकडे शब्द देऊ नका.

आणि तुमच्या तारखा लग्नानंतरच्याच धर. त्या वेळी मला इथे रजा नसेल, पण विमानतळावर घ्यायला येईन.

आईला नमस्कार.

तुझा,
धाकटा