डिकीतल्या बॉक्ससाठी, होडीवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गाडीत बसलेला प्रत्येक जण विचारतो, डिकीतला हा स्पीकरचा बॉक्स कोणी बनवला? दरवेळी थोडक्यात उत्तर देतो आणि दरवेळी वाटतं की यात तुमचं श्रेय पुरतं आलंच नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. नाव घातलेलं तुम्हाला आवडणार नाही, ते घालत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांना फायबर मारणारे काका, एवढं पुरे.

मला गाडीत पखवाज ऐकायचा होता. डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची, रेकॉर्डिंग लावली की चकवा, झांजा, बुवांचा आवाज सगळं यायचं, पण पखवाजाच्या डाव्या पुडीवरची कणीक, म्हणजे तिचा खर्जाचा आवाज, ऐकू यायची नाही. त्यासाठी दहा इंची सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, घेतला. प्रश्न होता जागेचा. सीएनजीच्या टाकीने डिकी व्यापलेली, दुकानातले चौकोनी बॉक्स बसेनात. उरला होता तो डाव्या चाकामागचा वाकडातिकडा कोपरा, आणि त्या वळणात घुसेल असं एकच काही होतं, फायबर.

काका, सबवूफर तुम्ही पहिल्यांदाच हातात धरला होता. पण बंद बॉक्समधली हवा पडद्यामागे स्प्रिंगसारखी दाबली जाते, भिंत लवली किंवा कुठे फट राहिली तर आवाज ढिला पडतो, एवढं सांगितल्यावर तुम्ही लगेच म्हणालात, होडीला पाणी बाहेरून दाबतं, याला हवा आतून दाबणार. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

टाकी चाचणीसाठी काढली होती, तेव्हाच तुम्ही काम धरलंत. टाकी परत कुठपर्यंत येणार याची खूण आधी करून घेतलीत. दर तीन वर्षांनी ती निघणार, तेव्हा बॉक्स आड येता कामा नये, तो बोल्ट सोडून अख्खा बाहेर आला पाहिजे, हे तुमच्या डोक्यात पहिल्यापासून होतं. कोपऱ्याला मास्किंग टेप, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर वॅक्स. मग गाडीत फक्त दोन थर, काचेच्या धाग्यांच्या ४५० ग्रॅमच्या मॅटचे, रेझिनमध्ये भिजवून. सुकल्यावर ते कवच बाहेर ओढलंत आणि पुढचे थर शेडबाहेर वाऱ्यावर दिलेत. एक थर साधारण एक मिलिमीटरचा, म्हणून जिथे भाग सपाट तिथे तुम्ही सहा थरांवर आलात. वळणावर फायबर आपोआप ताठ राहतं, सपाटीवर लवतं, हे मला तुमच्याकडून कळलं.

आणि रोलर! मॅटमध्ये रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा तो चिकट द्रव, मुरलं की माझ्या मते काम झालेलं असायचं. तुम्ही तिरप्या उजेडात बघायचात आणि पांढुरका ठिपका दिसला की माझ्या हातात रोलर द्यायचात. "झिला, आदी हवा काढ, मगे फुडचा." रेझिन जास्त ओतलं की मजबुती येते असं मला वाटायचं. तुम्ही मॅटचं वजन करून त्याच्या अडीच पटीवर जाऊ द्यायचा नाहीत, कारण ताकद काचेच्या धाग्यात असते, नुसतं रेझिन तडकतं.

हे वाचून कोणी घरी करायला घेईल, म्हणून तुमची एक ताकीद इथे लिहितो. रेझिन कडक होण्यासाठी त्यात घालायची दोन रसायनं, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट, एकमेकांत थेट कधीच मिसळायची नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटॅलिस्ट, किलोला १० ते १५ ग्रॅम, तेही काट्यावर मोजून. दोन्ही बाटल्या तुम्ही शेडच्या दोन टोकांना ठेवता. मला ते फार आवडलं.

सबवूफरची रिंग सगळे एमडीएफची करतात. तुम्ही मरीन प्लायची केलीत, तीही रेझिनमध्ये न्हाऊ घालून. त्याचं कारण मला नंतर कळलं, बॉक्समध्ये पाणी भरायचं होतं आणि एमडीएफ पाण्याने फुगतं. रिंग पट्ट्यांवर तिरपी बसवून वर होजियरीचं कापड ताणलंत, त्यात रेझिन मुरवलंत, ते कडक झाल्यावर आतूनही मॅट दिलीत, आणि मग तोंड वर करून बॉक्समध्ये चक्क पाणी ओतलंत. एक एक लिटर मोजून. सबवूफरच्या पुस्तिकेत २० लिटर सांगितले होते, मॅग्नेट जेवढी जागा खातो तेवढे वर धरून आपलं माप बरोबर आलं. पाणी रात्रभर तसंच ठेवलंत. सकाळी बाहेरून हात फिरवलात, सगळं कोरडं. आकारमान आणि गळती एकाच पाण्यात तपासायची ही रीत साउंडवाल्यांनी तुमच्याकडून शिकावी, मनापासून सांगतो.

लांबी भरणं, पॉलिश पेपर मारणं, काळं कार्पेट ही कामं नंतर झालीच. बॉक्स आता जागेवर आहे, स्टेपनीही निघते. आणि कणीक ऐकू येते, काका. थाप पडते आणि तिथेच थांबते, मागे घुमत राहत नाही. आमच्या मंडळाचे पखवाजवाले गाडीत बसले आणि डोळे मिटून त्यांनी मांडीवर ठेका धरला. तुमचे थर त्यांना दिसले नाहीत, पण त्यांनी ऐकले ते तेच.

काकूंच्या पेजेचे आणि सोबतच्या पोराच्या मदतीचेही आभार. मजुरी तुम्ही कमीच घेतलीत, त्यावरून वाद घालत नाही. पण रेझिनच्या वाफा वाईट म्हणून पूर्ण वेळ मला मास्क लावायला लावलात आणि स्वतः तोंडाला रुमाल बांधून काम केलंत. रुमालाने धूळ अडते, रेझिनमधल्या स्टायरीनची वाफ अडत नाही. म्हणून केमिकलच्या वाफांचा मास्क आणि बदलायचे फिल्टर शेडवर ठेवून आलोय. १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर येतील आणि तुमचं काम दिवसभर चालेल. तेव्हा तो लावा. एवढं माझं ऐका.

तुमचा,
पखवाजवेडा गाडीवाला