नाव न सांगता निघून गेलेल्यांना थँक्यू

आम्ही खानापूरच्या जंगलातले गवळी धनगर, एसटीत, म्हणजे अनुसूचित जमातीत, घ्या म्हणून आमची माणसं कधीपास्नं मागतायत, आणि सिद्दी लोकांना, म्हणजे मूळ आफ्रिकेतनं आलेल्या जंगलातल्या माणसांना, उत्तर कन्नड जिल्ह्यात ते २००३ ला मिळालं, आपल्या बेळगावात २०२० ला, म्हणजे होतंय की ओ, वेळ लागतो फक्त. तोवर वनहक्काला, म्हणजे जंगलातल्या जमिनीच्या हक्काला, आम्हाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीची जंगलात राहिल्याची ७५ वर्षं दाखवायला लागतात, एसटीवाल्यांना ती ७५ ची अट नाही. आता म्हशीमागनं फिरणाऱ्याकडं कागद कुठला? आज्ज्याची चराईची एक पावती तेवढी, घडीवर फाटलेली, तुपाचा डाग पडलेला. ऑफिसात टेबलावरनं परत सरकवली. पण बाहेरच्या झेरॉक्सवाल्या मामांनी ती काचेवर हातानं सपाट करून चार वेळा काढली, शिक्का दिसेपर्यंत, आणि पैसे एकाचेच घेतले, लई थँक्यू मामा. आणि त्या अक्का, पायरीवर बसून, मांडीवर पोरगं घेऊन आमचा अख्खा अर्ज कन्नडात लिहून दिला, नाव विचारलं तर बस आली म्हणून पळाल्या. पेन तुमचं माझ्याकडंच राहिलंय अक्का. निळं, टोपण चावलेलं.